चौथा पट्टा

थंडीची चाहूल लागली की बंगळुरात अवरेकाई येते. आपल्या पावट्याचीच ही सख्खी बहीण, पण इथली माणसं तिच्यावर जसा जीव टाकतात तसा आपण पावट्यावर कधी टाकला नाही. शेंगांच्या सालीला एक चिकट, उग्र वास असतो. जाणत्या बायका शेंग चिमटीत चुरडतात, नाकाशी नेतात आणि वास मनासारखा नसला तर ती परत ढिगात टाकून देतात. परवा कोरमंगलात आमच्या इमारतीखाली हातगाडी उभी राहिली तेव्हा मीही तेच केलं. शेंग चुरडली, हुंगली आणि तशीच उभी राहिले. किती देऊ, असं गाडीवाल्यानं दोनदा विचारलं. मी शेंगा न घेताच वळले.

घरात येऊन आधी कपाट उघडलं. शाल सगळ्यात खालच्या फळीवर, जुन्या चादरीत गुंडाळलेली असते. ती पलंगावर पसरली. क्रोशाची, त्रिकोणी. खालच्या टोकाशी पांढरी, मग पिस्ता, मग गर्द हिरवी आणि वरच्या लांब काठाला जांभळी. एक रंग संपून दुसरा कुठे लागला ते बोट ठेवून दाखवता येत नाही. लांबून बघणारा प्रत्येक जण तिला सुरेख म्हणतो. मी शक्यतो ती लांबूनच बघते.

मी स्वभावानं संशयी आहे. भाजीवाला हसून चार मिरच्या जास्त टाकतो तेव्हा बाकीच्या भाजीत काय सडकं आहे ते मी घरी येऊन शोधते. कोणी विनाकारण चौकशी केली की कारण सापडेपर्यंत मला चैन पडत नाही. हे आईकडून आलं. बाबांच्या बदल्यांमुळे आम्ही अकरा भाड्याची घरं पाहिली, आणि प्रत्येक घरमालकिणीनं जागा रिकामी करा म्हणण्याआधी आठवडाभर काहीतरी गोडधोड पाठवलं होतं, असं आईचं ठाम मत होतं. "मालकीण वाटी घेऊन वर आली की माळ्यावरच्या ट्रंका खाली काढायच्या," असं ती म्हणे. लहानपणी मला कोणाच्या घरून आलेली खीर सुखानं खाता आली नाही.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर लग्न होऊन आम्ही पुण्याहून बंगळुरात आलो. श्रीकांतला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, संगणकाच्या कंपनीत नोकरी लागली होती. पहिल्या दहा महिन्यांत दोन घरं झाली. एका मालकाचा भाऊ दुबईहून परतला, दुसऱ्याला घर पाडून मोठं बांधायचं होतं. तिसरं घर येलहंकात मिळालं. तेव्हा येलहंका म्हणजे शहराबाहेरचं जुनं गाव. श्रीकांतच्या कंपनीची बस सकाळी सातला निघे आणि अंधार पडल्यावर त्याला परत आणून सोडी. मधला सगळा दिवस माझा एकटीचा. हवाई दलाची विमानं सरावासाठी घरावरून जात तेव्हा मांडणीतल्या वाट्या किणकिणत, आणि तेवढाच आवाज घरात असे.

खाली घरमालकीण राहत. सुंदराक्का. साठी ओलांडलेल्या, ठेंगण्या, कपाळावर ठसठशीत कुंकू. सोबत मुलगा नागराज, सून आणि दोन नातवंडं. घराण्याचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी मराठी फौजांबरोबर या मुलखात उतरले आणि इथलेच झाले. मराठी मालकीण मिळाली म्हणून श्रीकांत खूश होता. मला मात्र त्यांचं मराठी ऐकून धास्तीच वाटली. वाक्य माझ्या भाषेत सुरू व्हायचं आणि मधेच माझ्या हातून निसटायचं. दारावर येणाऱ्या शेंगावाल्या गौरम्माशी बोलताना तर अक्का एकदम पूर्ण कानडीत शिरत, आणि दोघी मधूनच वर, आमच्या गॅलरीकडे बघत. माझ्याविषयीच बोलतात, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. दुसऱ्याच आठवड्यात मी बाजारातून कानडी शिकवणारं एक पातळ पुस्तक आणलं. लोक शेजाऱ्यांशी बोलता यावं म्हणून भाषा शिकतात. मी शेजाऱ्यांचं ऐकता यावं म्हणून शिकले.

दसरा झाला आणि अक्का वाटी घेऊन वर आल्या. वाटीत गव्हल्यांची खीर होती. माझी नजर माळ्यावरच्या ट्रंकांकडे गेली. खीर ओट्यावर ठेवून त्या म्हणाल्या, "सुमा, दिवसभर वर एकलीच काय करतीस ग? खाली ये. क्रोशाची शाल शिकवते तुला."

माझं नाव सुमेधा. अक्कांनी पहिल्याच दिवशी त्याची सुमा केली होती, आणि मला तेही खटकलं होतं.

"मला टाकेसुद्धा नीट घालता येत नाहीत," मी म्हटलं.

"येत नाही तिलाच शिकवायचं. येतंय तिला कशाला? लोकर मी आणलीय चिकपेटेतनं."

लोकर आधीच आणली होती. मला विचारण्याआधी. यात कुठेतरी पाणी मुरत होतं. कोणती घरमालकीण भाडेकरणीसाठी स्वतःहून बस पकडून शहरातल्या चिकपेटेच्या बाजारात जाते आणि चार रंगांची लोकर घेऊन येते? मी खीर थोडी खाल्ली, उरलेली श्रीकांतसाठी ठेवली आणि दुसऱ्या दिवशी खाली गेले. काय चाललंय ते जवळून बघावं, एवढाच माझा हेतू होता.

अंगणात उतरणाऱ्या दगडी पायरीवर आमची शाळा भरे. दहा वाजता ऊन पायरीवर येई आणि साडेअकराला पलीकडच्या पेरूच्या झाडामागे जाई. तेवढा वेळ शिकवणी. अक्कांच्या हातात कधी क्रोशाची सुई नसे. त्या मांडीत परात घेऊन अवरेकाई सोलत बसत, नाहीतर भिजवलेले दाणे चिमटीत धरून त्यांची सालं काढत. दाणा टुपकन परातीत पडे. हात कामात, डोळे माझ्या सुईवर.

शाल सोपी होती. चार साखळ्यांतून सुरुवात, त्यात तीन खांब, म्हणजे उभे टाके, आणि पुढच्या प्रत्येक ओळीत दोन खांब वाढवायचे, एक ओळीच्या सुरुवातीला आणि एक शेवटी. बाकी नक्षी नाही, जाळी नाही, नुसते खांब. रंगांची गंमत धाग्यात होती. लोकर बारीक म्हणून दोन धागे एकत्र धरून विणायचं. आधी दोन्ही पांढरे. दहा ओळी झाल्या की त्यातला एकच पांढरा सोडायचा आणि त्याच्या जागी पिस्ता घ्यायचा. आणखी दहा ओळींनी उरलेला पांढराही सोडायचा, दोन्ही पिस्ता. असं करत करत जांभळ्यापर्यंत. चार रंगांचे सात पट्टे. "दोन्ही धागे एकदम बदलायचे नाहीत," अक्का सांगत. "एक जुना ठेवायचा. मग डोळ्याला धक्का लागत नाही."

पहिल्या आठवड्यात माझा त्रिकोण त्रिकोण राहिनाच. ओळीचा शेवटचा खांब मी हमखास विसरे आणि एक बाजू खंगत जाई. शिवाय धागा मी इतका आवळून धरी की पुढच्या ओळीत सुई आत शिरेना.

"स्वल्प सैल धर, सुमा. इतकं बिगी, घट्ट धरल्यावर सुई जाईल कुठनं? कोण ओढून नेतंय काय तुझा धागा?"

"चुकलंय अक्का. एक खांब कमी आहे."

"सरी. उसव."

"सगळं?"

"चुकलंय तिथपर्यंत. उसवायला लाजायचं नाही. हेच तर बरं असतंय क्रोशाचं. ओढलं की झालं."

ते वाक्य मी फार चांगलं लक्षात ठेवलं. अक्कांना ठाऊक असतं मी त्याचं काय करणार आहे, तर त्यांनी ते उच्चारलं नसतं.

पण ते थोडे आठवडे माझ्या आयुष्यातल्या चांगल्या आठवड्यांपैकी होते, हे मला कबूल करायला हवं. तिसऱ्या पट्ट्यापर्यंत हात वळला. दुसऱ्या पट्ट्यात पांढरा आणि पिस्ता एकमेकांना लगटून चालत, आणि तिसऱ्यात पांढरा नाहीसाच होई, पण तो गेला असं वाटत नसे. मी शाल गॅलरीच्या कठड्यावर टाकून दहा पावलं मागं जाई आणि बघत बसे. माझ्या हातून एवढं काही निगुतीनं होईल असं मला वाटलंच नव्हतं. अक्कांचं बोलणंही तोवर कानात बसलं होतं. होकाराचा 'सरी' आणि 'जरा'च्या जागी 'स्वल्प' माझ्याही तोंडी कधी आले ते कळलं नाही. एकदा फोनवर आईला मी "स्वल्प थांब" म्हणाले आणि तिनं विचारलं, "काय थांब?" वाट्या तर रोजच वर येऊ लागल्या होत्या. अवऱ्याची उसळ, अवरे घातलेला उपमा, अवऱ्याचं सांबार. मी खात होते आणि आईचं म्हणणं विसरायला लागले होते.

मग एकदा बाजारातून परतले तर आमच्या स्वयंपाकघरात एक गवंडी. अक्कांकडे जादा किल्ली होती. गवंडी ओट्याची उंची फूटपट्टीनं मोजत होता, अक्का त्याला कानडीत काहीतरी बजावत होत्या. मला बघून त्या दचकल्या. "काही नाही ग, जुना झालाय ओटा," म्हणाल्या. ओट्याला काहीही झालेलं नव्हतं. दोन दिवसांनी पायरीवर सहज विचारावं तसं त्यांनी विचारलं, "तुम्हाला आणि घर बघायचं झालं तर येलहंकातच बघाल न? की लांब जाल?" माझ्या सुईवरचा खांब सुटला.

त्याच आठवड्यात मी जिन्यात उभी असताना खाली गौरम्मा आली. ती शेंगा मोजून देत होती आणि अक्कांना काहीतरी खोदून खोदून विचारत होती. अक्का म्हणाल्या, "शालु मुगीली. आमेले हेळ्तीनि."

पातळ पुस्तकातले हे सगळे शब्द मला येत होते. शाल संपू दे. मग सांगते.

मी वर आले आणि शाल मांडीवर घेऊन बसले. चौथा पट्टा नुकताच लागला होता, पिस्ता आणि हिरवा. पुढे तीन उरले. माझ्या त्या वेळच्या वेगानं नोव्हेंबर संपता संपता शाल पुरी होणार होती. म्हणजे शाल हे घड्याळ होतं, आणि त्याला किल्ली मी स्वतःच्या हातानं देत होते. एवढी गोड युक्ती आईच्या अकराही मालकिणींना सुचली नव्हती.

श्रीकांत बूट काढत असतानाच मी त्याला सगळं सांगितलं.

"अगं, मग विचार की त्यांना सरळ," तो म्हणाला.

"विचारलं की त्यांना सांगावंच लागेल. मग महिन्याभरात बाहेर. चौथं घर. पुन्हा ते दलाल, पुन्हा तुम्ही कुठले, तुम्ही मटण खाता का."

"कदाचित दुसरंच काही सांगायचं असेल."

"काय दुसरं?"

तो बुटाची नाडी सोडवत राहिला. माणूस भाबडा आहे. मला एक युक्ती सुचली होती, पण ती मी त्याला सांगितली नाही. बोलता बोलता अक्कांनीच एकदा सांगितलं होतं की धनुर्मासात, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत, त्यांच्याकडे घर बदलत नाहीत. कोणी येत नाही, कोणाला जा म्हणत नाहीत. धनुर्मास लागेपर्यंत शाल पुरी होऊ द्यायची नाही. मग पुढचा महिना आपोआप पदरात पडला असता.

दुसऱ्या दिवसापासून मी उसवायला लागले. सकाळी पायरीवर अक्कांच्या डोळ्यांदेखत तीन ओळी विणायच्या, दुपारी वर येऊन कधी अडीच, कधी तिन्ही उसवायच्या. विणायला दीड तास, उसवायला दोन मिनिटं. धागा सर्रकन निघून येई आणि त्या आवाजानं सुरुवातीला मला खरंच बरं वाटे, एखाद्याच्या तावडीतून सुटल्यासारखं. उसवलेले दोन धागे निरनिराळे करून गुंड्यांवर गुंडाळायचे आणि पिशवी होती तशी ठेवायची. दुसऱ्या दिवशी तीच लोकर, त्याच ओळी.

त्या महिन्यात मी अक्कांकडे आणि अक्का माझ्या शालीकडे ज्या नजरेनं बघत होतो, ती नजर अजून आठवते. त्या शालीच्या कडेवरून बोट फिरवत ओठांतल्या ओठांत मोजत. एकदा म्हणाल्या, "काल हिरवं-हिरवं लागायला आलं होतं न?"

"चुकलं होतं अक्का. उसवलं."

"परत?"

"मोजणीत चुकते."

एकदा हात पदराला पुसून त्यांनी गुंड्यातून निघालेला धागा अंगठ्याखालून हळूहळू सरकवला. एकदा उसवलेली लोकर सरळ राहत नाही, तिला लाटा पडतात. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं असं नाही. त्या धागा सरकवत राहिल्या, मी पेरूच्या झाडाकडे बघत राहिले. शेवटी त्यांनी धागा माझ्या मांडीवर सोडला आणि म्हणाल्या, "हा चौथा पट्टा भारी हट्टी हाय." आणि दाणे सोलायला लागल्या.

कळलं होतं त्यांना. मला वाटलं आता बोलतील. पण त्या काही बोलल्या नाहीत, आणि त्यामुळे माझा संशय दुप्पट झाला. ज्या अर्थी गप्प आहेत, त्या अर्थी आतून काहीतरी मोठं शिजतंय. वाट्या वर येतच होत्या. उलट आता जास्त येत. एकदा तर त्यांनी माझ्या केसांना तेल लावून दिलं, आणि तेवढा सगळा वेळ मी मान ताठ ठेवून बसले होते. मधेच बोटं थांबवून त्या म्हणाल्या, "आई लांब असली म्हणजे कठीणच." हे त्या कशासाठी म्हणाल्या असतील, याचा मी संध्याकाळपर्यंत विचार केला.

धनुर्मास लागला. पहाटे देवळात घंटा वाजू लागल्या, धुक्यात रांगोळ्या पडू लागल्या आणि खालून मूगडाळीच्या खिचडीचा, मिरीचा वास येऊ लागला. मी जिंकले होते. त्या सकाळी मी पायरीवर बसले आणि सहा ओळी विणून काढल्या. दुपारी वर आल्यावर एकही उसवली नाही. चौथा पट्टा संपला. अक्कांनी बघितलं आणि नुसतं "हं" म्हटलं. त्या "हं" मध्ये आनंद होता की हुरहूर ते मला उमगलं नाही. पुढचे तीन पट्टे सरळ, सैल, मोकळे विणले गेले. धागा ओढून धरायचं कारणच उरलं नव्हतं.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी जांभळा काठ पुरा झाला. शेवटचा खांब घालून धागा कापला आणि शाल अक्कांच्या मांडीवर ठेवली. त्यांच्यासमोर तीळ, गूळ, खोबऱ्याचे काप, शेंगदाणे आणि फुटाणे परातीत मिसळून ठेवले होते. दुसऱ्या दिवशी घरोघर वाटायचे. त्यांनी परात बाजूला सारली. शाल उलगडून पदरासारखी माझ्याच खांद्यावर टाकली आणि तिची टोकं सारखी करत राहिल्या.

"सुमा, एक गोष्ट सांगायची राहिलीय."

मी म्हटलं, "ठाऊक आहे अक्का. घर सोडायचंय."

त्या चमकल्या. मग मान हलवली. "वरचं घर शशीचं हाय. माझ्या लेकीचं. आमच्या ह्यांनी मरायच्या आधी तिच्या नावानं बांधलं. ती तिकडे के. आर. पुरमात नांदते." त्यांनी परातीतला एक फुटाणा उचलून परत टाकला. "नांदत नाही. राहते. तिला तिथनं आणायचं हाय. माझ्याजवळ खाली ये म्हटलं तर नको म्हणते. भावाच्या चुलीवर जेवणार नाही म्हणते, माझी चूल वेगळी असंल तरच येते म्हणते. दसऱ्यापासनं चाललंय. तुमच्यासाठी घर बघून ठेवलंय मी. मागच्याच गल्लीत, माझ्या भावजयीचं. भाडं तेवढंच. रंग पण देऊन घेतलाय."

 तोंडाला आलं तेच विचारलं, "मग इतके दिवस का नाही बोललात?"

"ह्या घरातनं कोणी बाई रिकाम्या हातानं गेलेली नाही. तुझ्या आधी तिघी राहिल्या. इथं शिकलेलं, स्वतःच्या हातचं काहीतरी घेऊन गेल्या. सासूबाईंपासनं चालत आलंय. शाल झाली की सांगीन म्हटलं. दिवाळीनंतर पंधरा दिवसांत होईल म्हटलं. आणि मग तू उसवायला लागलीस."

मी शालीचा चौथा पट्टा मुठीत झाकला.

"उसवलेली लोकर हाताला कळते ग. मला कळलं होतं. म्हटलं, इथं हिचं कोण हाय? पायरीवर येऊन बसायला मिळतंय तेवढंच. शाल संपली की हे पण संपेल म्हणून लांबवते पोर." त्यांनी माझ्या खांद्यावरची शाल उगीचच सारखी केली. "मग माझ्याच तोंडातनं निघेना. इतका जीव लावलेल्या माणसाला जा कसं म्हणायचं?"

मी खरं सांगायला हवं होतं. मी तुम्हाला जीव लावत नव्हते अक्का, मी तुमच्यावर पाळत ठेवत होते. हे वाक्य माझ्या तोंडात तयार होतं आणि मी ते गिळलं. त्यांना वाईट वाटेल म्हणून गिळलं असं मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आले. खरं म्हणजे मला त्यांच्या नजरेतून उतरायचं नव्हतं.

संक्रांतीनंतर आठवड्याभरात आम्ही सामान मागच्या गल्लीत हलवलं. शेवटची खेप न्यायला मी आले तेव्हा दारात रिक्षा उभी होती आणि शशी उतरत होती. ती अक्कांसारखीच ठेंगणी, उलट त्यांच्याहून थोडी बुटकी. गवंडी ओटा कशासाठी मोजत होता ते मला त्या क्षणी कळलं. एक पत्र्याची ट्रंक, एक बादली, बादलीत काही भांडी. डावा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात बांधलेला. रिक्षावाल्यानं ट्रंक उतरवली आणि ती एका हातानं बादली उचलायला गेली. मी पुढे होऊन ती घेतली.

"हाताला काय झालं?" मी विचारलं.

"पडले," ती म्हणाली. "न्हाणीघरात."

जन्मभर मी गोष्टी खोट्या धरून संशय घेतला आणि त्या खऱ्या निघाल्या. ही एक गोष्ट खोटी होती. शेंबडं पोरही ते ओळखू शकलं असतं.

"कधी?"

"तीन आठवडे झाले."

तीन आठवडे. धनुर्मासाच्या पहिल्या पंधरवड्यात. मी तेव्हा वर गॅलरीत बसून हिरवा पट्टा विणत होते आणि जिंकले म्हणून खूश होते. शाल वेळेवर झाली असती तर डिसेंबर लागताना ही बाई या घरात, स्वतःच्या बुटक्या ओट्यापुढे उभी असती, दोन्ही हातांनी.

माझा चेहरा बघून तिला काय वाटलं कोण जाणे. ती हसली आणि मलाच समजावल्यासारखं म्हणाली, "तुम्ही मनाला लावून घेऊ नका. अम्मा निरोप पाठवत होती की तुम्हाला घर सोडायला जड जातंय. मीच म्हटलं, राहू देत त्यांना. एक महिना काय, आणि दोन काय. इतकी वर्षं काढली."

मी खांद्यावरची शाल काढली आणि तिच्या खांद्यावर घातली. प्लास्टरवरून, गळ्यातल्या पट्टीवरून, हात झाकेल अशी. दुसरं काही देण्यासारखं माझ्याजवळ नव्हतं. अक्का दारातून बघत होत्या. त्या खाली आल्या, लेकीच्या अंगावरून शाल हळूच काढली, घडी केली आणि माझ्या हातात परत दिली.

"ही राहायला आलीय," त्या म्हणाल्या. "जाणाऱ्या बाईनं न्यायची असते."

मी घेतली. त्यांची रीतच तशी होती.

मागच्या गल्लीतल्या त्या घरात आम्ही चार वर्षं राहिलो. अक्का वाट्या पाठवत राहिल्या, आणि त्या मी संशय न घेता खाल्ल्या. शशीचा हात जुळला, पण मनगट थोडं वाकडं राहिलं. ती वरच्या गॅलरीत शिवणाचं मशीन घेऊन बसायची आणि मी गल्लीतून गेले की मान हलवून हसायची. मी कधी तिला काही सांगितलं नाही. अक्का गेल्या तेव्हाही नाही. आता त्या घराच्या जागी चार मजली इमारत आहे, आणि शशी कुठे असते ते मला ठाऊक नाही.

काल दुपारी खालच्या मजल्यावरची मृण्मयी वर आली. नागपूरची मुलगी, कंपनीत काम करते, तीन मैत्रिणींबरोबर भाड्यानं राहते. तिच्या हातात लोकरीचा एक चपटा गुंडा होता. आता अशी लोकर आयतीच मिळते. एकच धागा आपोआप पांढऱ्याचा गुलाबी आणि गुलाबीचा लाल होत जातो, काही सोडायचं नाही, काही जोडायचं नाही. "आँटी, मला शाल शिकवाल? एकदम बिगिनरवाली," ती म्हणाली आणि पलंगावरची शाल बघून तिथेच बसली. तिनं टोकापासून हात फिरवायला सुरुवात केली. पांढरा, पिस्ता. मधोमध तिचा हात थांबला. चौथा पट्टा तीस वर्षांनीही बाकीच्या शालीसारखा झालेला नाही. तो खरखरीत आहे, धाग्याला पीळ राहिलेला नाही, जागोजागी लोकर विरून बारीक झाली आहे.

"इथे लोकर खराब लागली होती का?" तिनं विचारलं.

आजवर ज्यानं ज्यानं हे विचारलं त्याला मी हो म्हणत आले होते. चिकपेटेतला दुकानदार, त्याची लोकर, तो काळ. दोष द्यायला काय, कोणीही चालतं.

"नाही," मी म्हटलं. "लोकर चांगली होती."